रानवाटेवरचा उन्हाळा

वाचकहो, परदेशी स्थायिक झालेल्या मुलांकडे राहावयास येणाऱ्या आईवडिलांची सिडनीतील ठरलेली वेळ म्हणजे डिसेंबर आणि जानेवारी. नातवंडांच्या शाळांना तेव्हाच सर्वांत मोठी सुट्टी असते, लेक-जावयालाही नाताळची रजा मिळते. पुण्या-नाशिकची थंडी मागे टाकून, बॅगेत स्वेटर आणि कानटोपी घेऊन आलेली ही मंडळी विमानतळाबाहेर पाऊल टाकतात ते थेट उन्हाळ्यात. दक्षिण गोलार्धात ऋतुचक्र उलटे असल्यामुळे आपल्या मार्गशीर्ष-पौषात येथे ऊन तापत असते. शरीराला मात्र हा बदल एका रात्रीत उमगत नाही. उष्णतेशी जुळवून घेण्यास, म्हणजे घाम लवकर व पुरेसा येऊ लागण्यास, साधारण एक ते दोन आठवडे लागतात. वृद्धांना त्याहून अधिकही लागू शकतात. आणि नेमक्या याच काळात घरातील तरुण मंडळी मोठ्या प्रेमाने म्हणतात, "बाबा, चला, उद्या रानात फिरायला जाऊ!"

मी गेली अकरा वर्षे सिडनीच्या उत्तर उपनगरात राहते. माझे वय एकाहत्तर, यजमानांचे पंचाहत्तर. त्यांना रक्तदाब आणि मधुमेह हे दोन्ही सोबती आहेत, आणि रोज सकाळी लघवी वाढवणारी एक गोळी घ्यावी लागते. आम्ही दोघेही येथील एका सामुदायिक 'बुशवॉकिंग' क्लबाचे सभासद आहोत. या क्लबातील निम्म्याहून अधिक माणसे साठी ओलांडलेली आहेत. उन्हाळ्यात वृद्ध शरीराला कसे जपावे, याविषयी मला जे काही कळले ते बरेचसे तेथेच कळले. आपण नागपुरात असा, ठाण्यात असा किंवा आमच्यासारखे परमुलखात असा, त्यातील काही आपल्याही उपयोगी पडेल या विचाराने हे लिहीत आहे.

'बुश' या शब्दाचा येथील अर्थ झुडूप असा नाही. वस्तीपलीकडचे सारे रान म्हणजे बुश. निलगिरीच्या कुळातील उंच झाडे, वालुकाश्माचे कडे, घळीतील नेचे आणि मध्येच काळसर पाण्याचा ओढा, असे त्याचे सिडनीभोवतीचे रूप आहे. या रानात चालण्याची हौस येथे जुनी आहे. मेलबर्नमध्ये १८९४ साली पदभ्रमण करणाऱ्यांचा क्लब निघाला, सिडनीत १९२७ साली 'सिडनी बुश वॉकर्स' सुरू झाला आणि त्यात स्त्रिया व पुरुष बरोबरीने सभासद होते. ब्लू माउंटन्स भागातील ग्रोझ नदीच्या खोऱ्यातले निलगिरींचे एक वन तोडले जाणार असे १९३१ साली तेथे मुक्कामाला गेलेल्या भटक्यांना कळले, तेव्हा त्यांनी वर्गणी काढून ती जमीन सोडवून घेतली. ते वन आजही उभे आहे. आपल्याकडे सह्याद्रीत गिर्यारोहण संस्थांनी जसे गडकोटांवर प्रेम केले, तसेच हे प्रेम.

आमच्या क्लबाचा कार्यक्रम तीन महिन्यांसाठी आधीच ठरतो. दर बुधवारी एक भ्रमंती, महिन्यातून दोनदा रविवारी लांबची, हिवाळ्यात एखादा दोन दिवसांचा मुक्काम. त्याखेरीज नकाशा आणि होकायंत्र वाचण्याचा वर्ग, वर्षातून एकदा प्रथमोपचाराची उजळणी, पक्षी ओळखण्याची सकाळ. वाटांना सोपेपणानुसार १ ते ५ अशी देशभर मान्य असलेली श्रेणी असते. पहिल्या श्रेणीची वाट सपाट असते आणि चाकाच्या खुर्चीतील माणसालाही नेता येते. पाचवी श्रेणी केवळ मुरलेल्या भटक्यांसाठी. प्रत्येक सहलीच्या माहितीत श्रेणी, अंतर, चढाव, पायऱ्यांची संख्या आणि वाटेत कोठून माघार घेता येईल, हे सारे लिहिलेले असते. स्मृतिभ्रंश झालेल्या जोडीदाराला सांभाळणारे आमच्यात तिघे आहेत. त्यांच्यासाठी महिन्यातून एकदा पहिल्या श्रेणीची वाट ठेवतात. त्या दिवशी दोघांमागे एक जास्तीचा सोबती असतो, म्हणजे सांभाळणाऱ्यालाही घटकाभर कोणाचा हात न धरता चालता येते. हा साधा उपक्रम आपल्या गावातील एखाद्या ज्येष्ठ नागरिक संघाला सहज करता येण्याजोगा आहे.

उन्हाळा सुरू झाला की या कार्यक्रमाचे स्वरूप पालटते. डोंगरातील लांब वाटा आपोआप गळतात. त्यांच्या जागी समुद्रकाठच्या, सावलीच्या आणि दर अर्ध्या तासाने रस्त्याला मिळणाऱ्या वाटा येतात. सकाळी साडेनवाला सुरू होणारी भ्रमंती सहाला किंवा साडेसहाला सुरू होते आणि अकराच्या आत संपते. येथे ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत घड्याळे तासभर पुढे असतात आणि डिसेंबरात सूर्य आठच्या सुमारास मावळतो, म्हणून कधी संध्याकाळी सहानंतरची फेरी असते. स्पिट पुलापासून मॅनलीपर्यंतची किनाऱ्याची वाट सुमारे १० किलोमीटरची आहे. उन्हाळ्यात आम्ही तिचे दोन तुकडे करतो. काही बुधवारी तर चालणेच नसते. फेरीबोटीने जाऊन एखाद्या सावलीच्या बागेत बसावे, डबे उघडावेत, ज्यांना हौस असेल त्यांनी जाळीने बंदिस्त केलेल्या खाडीत डुंबावे आणि परत यावे. नवीन सभासदाला यात काहीसे हिरमुसल्यासारखे वाटते. जुन्यांना वाटत नाही, कारण त्यांनी २००९ सालचा उन्हाळा पाहिलेला असतो.

त्या वर्षीच्या जानेवारीअखेरीस व्हिक्टोरिया राज्यात उष्णतेची लाट आली. मेलबर्नमध्ये लागोपाठ तीन दिवस पारा ४३ अंशांच्या वर होता. पुढे ७ फेब्रुवारीला त्याच राज्यात प्रचंड वणवे पेटले आणि १७३ माणसे मृत्युमुखी पडली. तो दिवस येथे 'काळा शनिवार' म्हणून ओळखला जातो. परंतु त्याआधीच्या एका आठवड्यात, त्या उष्ण लाटेत, एरवीपेक्षा ३७४ मृत्यू अधिक झाले होते, असे राज्याच्या आरोग्य खात्याच्या पाहणीतून पुढे आले. त्यांतील सर्वाधिक माणसे पंचाहत्तर वर्षांवरील होती. वणव्याचा धूर दुरून दिसतो, भोंगे वाजतात, माणसे पळतात. उन्हाने जाणारे वृद्ध बहुधा आपल्याच घरात, पंख्याखाली, कोणाला न कळता जातात. आपल्याकडेही मे २०१० मध्ये अहमदाबादने असा उन्हाळा भोगला; त्यानंतर २०१३ साली त्या शहराने उष्णतेशी सामना करण्याचा आराखडा केला आणि इतर शहरांनी तो कित्ता गिरवला.

वाचकहो, वय वाढले की ऊन अधिक का बाधते, हे समजून घेतले तर पुढील नियम जाचक वाटत नाहीत. शरीर थंड ठेवण्याचे मुख्य मार्ग दोन. एक, त्वचेकडे अधिक रक्त धाडून उष्णता बाहेर सोडणे, दुसरा, घाम. उतारवयात हृदयाला हा जादा रक्तपुरवठा करणे जड जाते, घामाच्या ग्रंथी सुस्तावतात आणि मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवणे पूर्वीसारखे जमत नाही. याहून फसवी गोष्ट म्हणजे तहान. शरीरातील पाणी कमी झाल्याची वर्दी देणारी ही यंत्रणाच मंदावते. "मला तहान नाही" हे वृद्धाचे वाक्य खरे असते, पण त्यावरून त्याला पाण्याची गरज नाही असा निष्कर्ष काढता येत नाही.

यात औषधांची भर पडते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या शरीरातील पाणी व क्षार कमी करतात. रक्तदाबासाठी दिली जाणारी बीटा-ब्लॉकर गटातील औषधे हृदयाचा वेग वाढू देत नाहीत. मधुमेहावरील काही नव्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात आणि तिच्यासोबत पाणीही जाते. ॲलर्जीच्या काही जुन्या गोळ्या, लघवीवरचा ताबा सुधारण्यासाठी दिली जाणारी काही औषधे व काही मनोविकारांवरील औषधे घाम कमी करतात. ही यादी वाचून कृपया कोणीही आपली गोळी बंद करू नये. उन्हाळा तोंडावर आला की औषधांची पिशवी घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि तीन प्रश्न विचारावेत: कडक उन्हाच्या दिवसांत यांतील कशाचा डोस बदलावा लागेल का, मी दिवसाला किती पाणी प्यावे, आणि उलट्या-जुलाब झाले तर कोणती गोळी थांबवावी. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांपैकी काहींना पाणी मोजूनच प्यायचे असते. त्यांच्या बाबतीत "भरपूर पाणी प्या" हा सरसकट सल्ला घातक ठरू शकतो. मोजमापाचे बंधन नसणाऱ्यांसाठी आमच्या क्लबाचा ठोकताळा असा की उन्हाळ्यात चालताना तासाला सुमारे अर्धा लिटर, तेही घोटाघोटाने, आणि सोबत काहीतरी खारट. घाम बराच गेल्यावर नुसतेच साधे पाणी लिटरच्या लिटर ढोसले तर रक्तातील सोडियम उतरते आणि त्यानेही भोवळ व गोंधळ होऊ शकतो. यजमानांच्या पाठपिशवीत माझ्या हातच्या ताकाची थर्मास असते. क्लबातील इतरांनाही आता तिची चटक लागली आहे.

क्लबाचे उन्हाळी नियम थोडे आहेत, पण ते पाळले जातात. आदल्या संध्याकाळी लीडर हवामान खात्याचा अंदाज पाहतो. ३३ अंशांच्या वर अंदाज असेल तर वाट आखूड होते आणि ३६ च्या वर असेल तर भ्रमंती रद्द होते. वणव्याच्या धोक्याचे येथे चार स्तर आहेत: मध्यम, उच्च, अतितीव्र आणि प्रलयंकारी. वरच्या दोन स्तरांच्या दिवशी आणि उघड्यावर आग पेटवण्यास पूर्ण बंदी असलेल्या दिवशी आम्ही रानात पाऊल टाकत नाही. पुष्कळदा उद्यानेही बंद असतात. निघताना प्रत्येकाची टोपी, पाणी आणि पादत्राणे पाहिली जातात. टोपी म्हणजे कान व मान झाकणारी, चहूबाजूंनी काठ असलेली. येथील सूर्यकिरणांतील अतिनील मात्रा उन्हाळ्यात इतकी चढते की निर्देशांक ११ च्या पुढे जाणे नित्याचे आहे, आणि ३ पासूनच त्वचा झाकावी असे सांगितले जाते. सदरा घाला, मलम लावा, टोपी चढवा, असे सांगणारी मोहीम येथे १९८१ पासून चालू आहे. आपली सावळी कातडी काही अंशी संरक्षण देते हे खरे. डोळ्यांतील मोतीबिंदूला मात्र कातडीचा रंग ठाऊक नसतो, म्हणून काळा चष्माही हवा.

चालताना लीडर पुढे आणि एक अनुभवी माणूस अगदी शेवटी. या पिछाडीच्या माणसाच्या मागे कोणीही राहायचे नाही. दर वीस मिनिटांनी सावलीत थांबायचे, आणि सर्वांत मागचा पोहोचून त्याचा श्वास खाली बसेपर्यंत पुढे निघायचे नाही. हा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. बहुतेक गटांत मागचा पोहोचताच पुढचे उठून चालू लागतात. म्हणजे ज्याला विश्रांतीची गरज सर्वाधिक, त्यालाच ती मिळत नाही. ओंडक्यावरून किंवा बाकावरून उठताना आधी पाय हलवायचे, मग उठायचे, उठून क्षणभर उभे राहायचे, मग पाऊल टाकायचे. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना एकदम उठल्यावर अंधारी येते आणि रानात तोल जाणे महागात पडते. लीडरकडे उपग्रहाला संकटाचा संदेश धाडणारे हाताएवढे यंत्र असते, कारण घळीत मोबाइलला रेंज नसते. आणि घरी बसलेल्या एका सभासदाकडे त्या दिवशी कोण, कोठे, किती वाजता परतणार याची यादी असते.

गेल्या फेब्रुवारीतील एका बुधवारी हे सारे कसास लागले. अंदाज ३१ अंशांचा, म्हणजे मर्यादेच्या आतला होता. पण आदल्या रात्री पाऊस पडून गेल्यामुळे हवा दमट होती आणि घळीत वाऱ्याचा मागमूस नव्हता. घाम येत होता, पण वाळत नव्हता. घाम वाळतो तेव्हाच तो शरीराला गार करतो. आमच्यातील एक निवृत्त शिक्षक, वय अठ्ठ्याहत्तर, वाटभर पक्ष्यांची नावे सांगत चालणारे गृहस्थ. त्या दिवशी पिछाडीला असलेल्या सभासद बाई पूर्वी परिचारिका होत्या. गुरुजी गप्प झाले आहेत हे प्रथम त्यांच्या ध्यानात आले. पुढच्या पायऱ्यांवर गुरुजींचा पाय दोनदा चुकला. पाणी पुढे केले तर त्यांनी ते चिडून परत केले. हा त्यांचा स्वभावच नव्हे. बाईंनी विचारले, "आज वार कोणता?" गुरुजी तिच्याकडे नुसते पाहत राहिले.

त्यानंतरची दहा मिनिटे मी जशीच्या तशी सांगते, कारण आपल्यावरही कधी ती वेळ येऊ शकते. त्यांना जागच्या जागी सावलीत आडवे केले. पाठपिशवी, बूट, मोजे काढले, सदऱ्याच्या गुंड्या सोडल्या. सगळ्यांच्या बाटल्यांतील पाणी त्यांच्या अंगावर, डोक्यावर, मांड्यांवर ओतले आणि यजमान व आणखी दोघे टोप्यांनी व नकाशाने एकसारखा वारा घालू लागले. डब्यांसोबत आणलेल्या बर्फाच्या चपट्या पिशव्या रुमालात गुंडाळून मानेला, काखेत आणि जांघेत ठेवल्या. तोंडात पाणी घातले नाही, कारण गोंधळलेल्या माणसाच्या श्वासनलिकेत ते जाऊ शकते. वरच्या कड्यावर रेंज मिळवून एकाने ०००, हा येथील आपत्कालीन क्रमांक लावला आणि फोनमधील अक्षांश-रेखांश वाचून दाखवले. दोघे जण वाटेच्या तोंडाशी रुग्णवाहिकेची वाट पाहण्यास गेले. मदत येईपर्यंत गुरुजींना वार आठवला होता. त्यांना दोन रात्री रुग्णालयात काढाव्या लागल्या आणि ते धडधाकट घरी आले. नंतर भेटावयास गेलो तेव्हा ते म्हणाले, "मला त्या सकाळी तहान लागलीच नव्हती."

वाचकहो, येथे एक भेद मनात पक्का करून ठेवावा. थकवा, डोके दुखणे, मळमळ, पायात गोळे येणे, भरपूर घाम, पण बोलणे-समजणे शाबूत, ही उन्हाने आलेल्या थकव्याची लक्षणे. सावली, गारवा, क्षार घातलेले पाणी आणि विश्रांती यांनी ती तासाभरात ओसरली पाहिजेत. न ओसरली तर डॉक्टर गाठावा. मात्र बोलण्यात असंबद्धता, विचित्र चिडचिड, तोल जाणे, झोपाळूपणा, झटका किंवा शुद्ध हरपणे यांपैकी काहीही दिसले तर तो उष्माघात समजावा. शरीराचे तापमान तेव्हा ४० अंशांच्या पुढे गेलेले असू शकते आणि प्रत्येक मिनिट मोलाचे असते. घाम थांबला तरच उष्माघात, हा समज चुकीचा आहे. चालता-चालता झालेल्या उष्माघातात अंग घामाने चिंब असू शकते. भारतात १०८ किंवा ११२ लावावा, पण फोन लावून नुसते बसू नये. गार करणे त्याच क्षणी सुरू करावे. क्रोसिनसारख्या तापाच्या गोळीचा यात उपयोग नाही. मधुमेही माणूस असा गोंधळला तर साखर उतरलेली असण्याचीही शक्यता असते, म्हणून यंत्र जवळ असेल तर ती लगेच तपासावी. इन्सुलिन उन्हात गाडीत कधी ठेवू नये. ते उष्णतेने निकामी होते.

रानातील उन्हाळ्याचे दुसरे भय सापांचे. आमच्या क्लबात प्रत्येकाकडे रुंद ताणपट्टी असते. येथे साप चावला की जखम धुवायची नाही, कापायची नाही, हातपाय अजिबात हलवायचा नाही आणि दंशावरून सुरू करून संपूर्ण अवयवावर घट्ट पट्टी गुंडाळून फळी बांधायची, असे शिकवतात. परंतु हे ज्ञान आपण महाराष्ट्रात जसेच्या तसे नेऊ नये. ऑस्ट्रेलियातील सापांचे विष प्रामुख्याने रक्तात भिनून अपाय करते. आपल्याकडील घोणस आणि फुरसे यांच्या विषाने दंशाच्या जागचे मांसही सडते आणि घट्ट पट्टीने ती हानी वाढू शकते. आपल्याकडे अवयव स्थिर ठेवून, कोठेही आवळपट्टी न बांधता, माणसाला चालू न देता लवकरात लवकर प्रतिविष असलेल्या रुग्णालयात पोहोचवणे हेच योग्य. दोन्ही मुलखांत ये-जा करणाऱ्या कुटुंबांनी हा फरक ध्यानात ठेवावा.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे वळते. गुरुजींची हकीकत ऐकून आमच्या लेकीने त्याच रात्री फोन केला. "आई, आता पुरे झालं. बाबांचं चालणं बंद. ते गुरुजींपेक्षा तीनच वर्षांनी लहान आहेत, आणि गुरुजींना मधुमेहसुद्धा नाही." तिचे म्हणणे निराधार नव्हते. यजमान शेजारीच बसले होते. ते काही बोलले नाहीत. पण पुढचे चार दिवस त्यांनी बूट कपाटात आत ढकलून ठेवले आणि सकाळी उशिरापर्यंत अंथरुणातच पडून राहू लागले. चालणे सुटल्यावर त्यांची साखर कशी चढते, गुडघे कसे आखडतात आणि मुख्य म्हणजे बोलणे कसे आटते, हे मी त्यांच्या पाठीच्या दुखण्याच्या वर्षी पाहिले होते. सांभाळणाऱ्याची खरी अडचण ही आहे. चालू दिले तर ऊन, न चालू दिले तर खोली.

आम्ही तिघे मिळून डॉक्टरांकडे गेलो. लेकीने स्वतः प्रश्न विचारले आणि उत्तरे लिहून घेतली. त्यातून जे ठरले ते कागदावर उतरवून आमच्या फ्रिजवर लावले आहे. अंदाज २८ अंशांपर्यंत असेल तर बाबांनी सकाळची छोटी भ्रमंती करावी. २८ ते ३३ मध्ये केवळ समुद्रकाठची, तासाभराची, माघारीची वाट असलेली. त्यापुढे घरात, वातानुकूलित मॉलमध्ये किंवा ग्रंथालयात फेऱ्या. लघवीच्या गोळीची वेळ आणि डोस उष्ण दिवसांत कसा असावा हे डॉक्टरांनी लिहून दिले. रोज सकाळी वजन करायचे. दोन दिवसांत दीड-दोन किलो घट झाली तर फोन करायचा. हे आकडे यजमानांसाठी आहेत, आपले आकडे आपल्या डॉक्टरांनी ठरवावेत. पण कागद असावा. कागद असला की "नको जाऊस" आणि "मला काय धाड भरली आहे" हा रोजचा तंटा मिटतो. भांडायचे झालेच तर दोघेही हवामान खात्याशी भांडतात.

आणि एक गोष्ट क्लबाने केली. ज्या दिवशी तापमान जास्त असेल, पण इतर सभासद थंड वाटेवर जाणार असतील, त्या दिवशी घरी यादी सांभाळण्याचे काम त्यांनी यजमानांकडे सोपवले. कोण किती वाजता निघाले, कोणाची कोणती गोळी, कोणाच्या मुलाचा फोन, हे सारे त्यांच्या वहीत असते. अमुक वेळेपर्यंत परतल्याचा निरोप आला नाही तर लीडरला, आणि तोही न लागला तर पोलिसांना कळवण्याची जबाबदारी त्यांची. बत्तीस वर्षे जमाखर्चाच्या वह्या सांभाळलेला हा माणूस त्या दिवशी दुपारपर्यंत फोनपासून हलत नाही. गुरुजीही एप्रिलमध्ये पुन्हा चालू लागले. त्यांच्या पाण्याच्या बाटलीवर आता वेळेच्या रेघा आहेत आणि पिछाडीच्या बाई त्या रेघा तपासतात.

महाराष्ट्रातील वाचकांनी यातून आपापल्या हवेप्रमाणे निवड करावी. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हात घाम चटकन उडून जातो, त्यामुळे पाणी किती गेले ते कळतच नाही. कोकण-मुंबईच्या दमट हवेत पारा ३४ च असला तरी घाम वाळत नाही आणि अंग तापत राहते. म्हणून केवळ आकडा पाहू नये. तळजाई, पर्वती किंवा बोरिवलीच्या उद्यानात पहाटे फिरणारे आपले गट आहेतच. त्यांतील चार जणांनी एवढे जरी ठरवले की एप्रिल-मे मध्ये उजाडताच निघून आठच्या आत परतायचे, शेवटी कोण चालणार ते रोज ठरवायचे, प्रत्येकाच्या गोळ्या व घरचा फोन एका वहीत लिहून ठेवायचे आणि जो आला नाही त्याला नऊच्या आत फोन करायचा, तरी पुष्कळ साधेल. यातील शेवटची गोष्ट एकट्या राहणाऱ्यांसाठी विशेष. वर सांगितलेल्या लाटेत माणसे बहुधा घरातच गेली, हे विसरू नये.

सांभाळणाऱ्या मुलामुलींना एवढेच विनवते: उन्हाळा लागण्यापूर्वी एक सकाळ काढून आईवडिलांसोबत बसा, औषधे आणि आकडे कागदावर मांडा, आणि ज्या दिवशी बाहेर जायचे नाही त्या दिवशी काय करायचे तेही त्याच कागदावर लिहा. आणि माझ्या वयाच्या वाचकांनो, आपण कागदावरील मर्यादा आली की सोबत्यांना तसे सांगा आणि परत फिरा. आमच्या क्लबात कोणी परत फिरले की आणखी एक जण त्याच्याबरोबर परततो, आणि कोणीही त्याचे कारण विचारत नाही.